घेणारे-विकणारे एकाच गाडीतून

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी माझी जाहिरात असायची. मागच्या कव्हरच्या आतल्या बाजूला, केटररच्या खाली आणि दाताच्या डॉक्टरच्या वर. ‘घर घेताय? आधी वकील घ्या!’ ही ओळ माझी नव्हे, माझ्या नवऱ्याची. मला ती कधीच आवडली नाही, पण तिच्यामुळे फोन यायचे म्हणून राहू दिली. यंदा मी ऑफिस बंद केलं, तशी अंकाचं काम बघणारी मुलगी म्हणाली, "मावशी, मग या वर्षी त्या जागेवर लेखच द्या ना." तिला पान भरायची काळजी. मी म्हटलं देते, पण मी तोंडाने फटकळ आहे, लेखातही तशीच येईन. ती म्हणाली चालेल.

तर मी शिकागोतली घरांच्या खरेदी-विक्रीची वकील. डेव्हन ॲव्हेन्यूवर साड्यांच्या दुकानाच्या वर माझं ऑफिस होतं. जिना चढताना खालून मिठाईच्या दुकानातला तुपाचा वास यायचा आणि पार्किंग कधीच मिळायचं नाही, त्यामुळे माझ्याकडे येणारा प्रत्येक जण भुकेला आणि वैतागलेला असायचा. कोर्टात मी उभ्या आयुष्यात उभी राहिले नाही. माझ्या आईला हे शेवटपर्यंत पटलं नाही. "कोर्टात जात नाहीस तर वकील कसली गं?" असं ती दर फोनला विचारायची.

काम काय असतं ते सांगते. आमच्या इलिनॉय राज्यात घर पसंत पडलं, किंमत ठरली, घेणाऱ्या-विकणाऱ्याच्या सह्या झाल्या की पुढचे मोजके दिवस वकिलांचे. त्या दिवसांत वकिलाने सगळं वाचायचं, खटकेल ते बदलून घ्यायचं आणि अगदीच पटलं नाही तर अशिलाला ओरखडाही न उमटता व्यवहारातून बाहेर काढायचं. ते दिवस गेले की मग बोंबलून उपयोग नाही. पुढे शेवटच्या दिवशी सगळे एका टेबलाभोवती बसतात, हात दुखेपर्यंत सह्या करतात आणि किल्ली घेऊन घरी जातात. लोकांना वाटतं की वकिलाचं काम तो शेवटचा दिवस. छे! त्या दिवशी मी फक्त पेनं पुरवायचे.

सगळीकडे असं नाही. टेक्ससमधून बदली होऊन आलेली मंडळी तर माझ्याकडे येऊन चक्क रुसायची. "आम्ही अर्विंगला घर घेतलं तेव्हा वकिलाचं तोंडसुद्धा पाहिलं नाही, सगळं टायटल कंपनीनेच केलं." बरोबर आहे, घराच्या मालकीचे कागद तपासणारी ही कंपनीच तिथे सगळं उरकते, तशीच पद्धत. पण इथे समोरच्या बाजूने वकील येऊन बसतो आणि आपली खुर्ची रिकामी असते, तेव्हा काय करायचं?

आपले लोक वकील निवडतात कसा, तर फोनवरच्या ग्रुपवर कोणीतरी नाव टाकतं म्हणून. असाच एक सॉफ्टवेअरवाला गृहस्थ राज्याच्या दुसऱ्या टोकाचा वकील करून बसला. वकील चांगला होता बिचारा, पण ज्या गावात घर होतं तिथला नव्हता. त्या गावचा नियम असा की गावाचा माणूस येऊन घर बघून गेल्याशिवाय आणि गावाचा शिक्का मिळाल्याशिवाय घर हातात येत नाही. हे त्या वकिलाला ठाऊकच नव्हतं. सह्यांच्या दिवशी सामानाचा ट्रक नव्या घरासमोर येऊन उभा. पुढच्या सीटवर सासूबाई मांडीवर देव घेऊन बसलेल्या. मुहूर्त टळला, दुपार गेली, आणि देवांसकट सासूबाई मोटेलात राहायला गेल्या. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही या गावच्या आहात ना?" मी म्हटलं, "सोलापूरची आहे रे. पण शिक्का कुठे मिळतो ते मला माहिती आहे."

एवढंच सांगायचं असतं तर जाहिरातच पुरली असती. लिहायला बसले ती सबनीसकाकूंसाठी, आणि त्यांना व बाकी सगळ्यांना विचारूनच बरं का.

सबनीसकाका मंडळाचे जुने अध्यक्ष. फार आधीच्या काळात आलेल्या डॉक्टरांपैकी. भूलतज्ज्ञ होते, रिटायर होऊनही बरीच वर्षं झालेली. डेव्हनच्या उत्तरेला, एका बसच्या अंतरावर त्यांचं मोठं विटांचं घर. तुमच्यापैकी अर्ध्या लोकांनी त्या घरी गणपतीचं जेवण जेवलेलं आहे. काकू म्हणजे त्या जेवणाच्या मागे स्वयंपाकघरात असायच्या त्या. पण मी त्यांना वेगळ्याच ठिकाणी ओळखायचे. आठवड्यातून दोन दिवस त्या बसने डेव्हनला यायच्या आणि माझ्या ऑफिसच्या खाली, साड्यांच्या दुकानात मागच्या मशीनवर बसून साड्यांना फॉल-बिडिंग करून द्यायच्या. पैशासाठी नव्हे हो, डॉक्टरची बायको! आवड होती. लग्नसराईत तर पोरी आपापल्या साड्या घेऊन त्यांच्याभोवती बसून असायच्या. काकू तोंडात टाचण्या धरून त्यांच्या सासू-नवऱ्याच्या तक्रारी ऐकायच्या. काका याला "हिचा टाइमपास" म्हणायचे.

तर मागच्या वसंतात एका शनिवारी मृणाल आणि अनिकेत हे तरुण जोडपं माझ्याकडे यायचं होतं. ती नागपूरची, तो सांगलीचा, दोघंही अर्विंगहून इथे आलेले. मंडळात सबनीसकाकांशी ओळख झाली आणि काकांना ती फार आवडली. काका घर विकून देशाच्या पार पश्चिम टोकाला, पावसाळी रेडमंडला, मुलीकडे कायमचे जाणार होते. "बाहेरच्या कोणाला देण्यापेक्षा तुम्हीच घ्या," असं त्यांनीच या दोघांना सांगितलं. ना एजंट, ना घासाघीस. मृणालला तर स्वर्ग दोन बोटं उरला होता. तिच्या मुलीची शाळा त्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती.

जिन्यावर पावलं वाजली. आधी काका, हातात फाइल. मागे अनिकेत. मागे मृणाल, हातात खालच्या दुकानातला पेढ्यांचा बॉक्स. आणि सगळ्यात शेवटी कठडा धरत सबनीसकाकू.

"हे काय, सगळेच?" मी म्हटलं.

"अनिकेतच्याच गाडीतून आलो," काका म्हणाले. "इथलं काम झालं की चौघं जेवायला जाऊ. वकीलबाई, तुम्ही पण चला."

घेणारे आणि विकणारे एका गाडीतून वकिलाकडे आले, हे मी तोवर पाहिलं नव्हतं. आमच्या बाजूच्या ऑफिसातला ग्रीक वकील नंतर म्हणाला की त्याच्या तर कानावरही कधी आलं नाही.

काका खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हे बघा, घरचाच मामला आहे. तुम्ही दोघांचंही करून टाका."

"काका, मी या दोघांची वकील आहे. तुमची होऊ शकत नाही."

"का? आम्ही काय भांडतोय का?"

"भांडत नाही तोवरच ठरवायचं असतं हे. भांडल्यावर वकील करायचा म्हणजे ताप उतरल्यावर गोळी घेण्यासारखं झालं."

"अहो, अनिकेत मला मुलासारखा आहे!"

"मुलासारखा आहे ना? मुलगा असता तरी मी म्हटलं असतं, तुमचा वकील वेगळा आणा."

काका हसले. "मग रेवाला सांगतो. आमची रेवा वकीलच आहे की." रेवा त्यांची मुलगी, रेडमंडला राहणारी. तिथल्या तिथे फोन लावला, स्पीकरवर. रेवाने अर्धं ऐकूनच कापलं. "बाबा, नो! मी सॉफ्टवेअरचे काँट्रॅक्ट्स बघते. मी आयुष्यात कोणाचं घर क्लोज केलेलं नाही, आणि इलिनॉयचं तर मला लायसन्सही नाही. प्लीज, गेट अ लोकल पर्सन." शहाणी मुलगी. मी मनातल्या मनात तिला पेढा दिला.

"बरं, आणीन कोणीतरी," काका म्हणाले. पण चेहरा जरा उतरला.

मी माझ्या अशिलांकडे वळले. "इन्स्पेक्शन कधी ठरवलंय?" म्हणजे एक जाणकार माणूस बोलावून घर छपरापासून तळघरापर्यंत तपासून घ्यायचं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"नाही म्हणजे, मावशी," अनिकेत खालच्या आवाजात म्हणाला, "काकांच्या घराचं काय इन्स्पेक्शन करायचं? बरं नाही ना दिसत."

बघा! हा आपल्या माणसांचा खरा रोग. भीड. कंपनीत एका ओळीच्या कोडसाठी तासभर मीटिंग घेतील, पण आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी करताना काकांना काय वाटेल म्हणून तळघरात डोकावणार नाहीत. काका तर कौतुकाने त्याच्याकडे बघत होते.

तेवढ्यात काकू म्हणाल्या, "तळघरात पाणी येतं."

"कुठे पाणी येतं?" काका.

"बर्फ वितळायला लागलं की वॉशिंग मशीनच्या मागच्या भिंतीतून येतं. मी टॉवेल लावून ठेवते."

"मला कसं माहीत नाही?"

"तुम्ही खाली कधी उतरलात?"

मृणालला हसू आलं, ते तिने खोकून लपवलं. काकांनीही ते हसण्यावारी नेलं. "करा बाबा इन्स्पेक्शन. ही बघा, मी सही करूनच आणलीय," म्हणत त्यांनी करार माझ्यापुढे सरकवला.

करारावर विकणाऱ्यांच्या जागी एकच सही होती. मी विचारलं, "काकूंची सही?"

"तिची कशाला? घर माझ्या एकट्याच्या नावावर आहे. घेतलं तेव्हा अशीच पद्धत होती. नोकरी माझी होती ना."

मी नियम सांगितला. इथे नवरा-बायको ज्या घरात राहतात ते एकाच्याच नावावर असलं तरी विकताना दुसऱ्याचीही सही लागते. त्या घरात राहण्याचा माझा हक्क मी सोडते, असं तिने स्वतः लिहून द्यावं लागतं. ते नसेल तर घेणाऱ्याच्या हातात घर पूर्ण येत नाही, आणि माझ्या अशिलांना मी अर्धं घर घेऊ देणार नाही.

"एवढंच ना? देईल की," काका म्हणाले. "मी सांगतो तिला. अगं, कर गं सही."

काकूंनी पेन घेतलं नाही. हात मांडीवरच ठेवून त्यांनी मला विचारलं, "आणि मी नाही केली तर?"

खाली दुकानात कोणीतरी कात्रीने कापड टरटर कापत होतं, ते वर ऐकू येत होतं.

"गंमत करतेय ती," काका म्हणाले.

"गंमत नाही. विचारतेय मी."

उत्तर मला पाठ होतं. तुम्ही सही केली नाहीत तर हे घर विकलं जाऊ शकत नाही, काकू. एवढं एक वाक्य. पण मी समोरच्या पार्टीची वकील. मी त्यांना सल्ला देणं नियमात बसत नाही, आणि नियम असा आहे तो योग्यच आहे. मी एवढंच म्हटलं, "काकू, याचं उत्तर मी देऊ शकत नाही, मी यांची वकील आहे. पण प्रश्न अगदी बरोबर आहे. तो तुमच्या वकिलाला विचारा. काकांच्या नव्हे, तुमच्या."

काकूंना कळलं. मान हलवली त्यांनी.

काका उसळले. एरवी वकीलबाई आणि अहोजाहो, ते एकदम एकेरीवर आले. "तू हिच्या डोक्यात काय भरवतेयस? रेवाकडे सगळं ठरलंय. खाली स्वतंत्र खोली काढून ठेवलीय तिने आमच्यासाठी."

आता माझंही डोकं तापलं. "काका, तुम्ही जन्मभर लोकांना भूल दिलीत. पेशंटला न विचारता, त्याची संमती न घेता एकाला तरी सुई टोचलीत?"

"कसं शक्य आहे?"

"मग काकूंना रेडमंडला जायचंय का, हे विचारलंत?"

हे बोलणं माझ्या कामात बसत नव्हतं, कबूल. पण बोलले ते बोलले, आणि आजही मला त्याचं वाईट वाटत नाही. काका उठले आणि जिना उतरून गेले. मागोमाग बाकीचे. पण गाडी एकच! जेवण रद्द झालं आणि चौघं अनिकेतच्या गाडीतून तसेच परत गेले. घर येईपर्यंत कोणी अक्षर बोललं नाही, असं मृणालने नंतर सांगितलं. अनिकेतने घाबरून रेडिओ लावला तर त्यावर मेलं प्रेमाचं गाणं लागलं. पेढे माझ्या टेबलावरच राहिले.

सोमवारी मृणालचा फोन. रडत होती. "मावशी, तुम्ही आमच्या वकील ना? मग तुम्हीच आमचं घर घालवलंत. काकूंनी केली असती हो सही. सगळ्याच करतात."

"केली असती," मी म्हटलं. "काकांनी बोट ठेवलं असतं तिथे केली असती. आणि तू त्या स्वयंपाकघरात रोज उभी राहिली असतीस. राहवलं असतं तुला?"

ती म्हणाली, "आम्ही पण नाही विचारलं ना त्यांना. मी तर पडद्यांची मापंसुद्धा घेऊन आले होते, त्यांच्याच समोर. मी त्यांना जाऊन भेटू का?"

"घरासाठी जाणार असशील तर नको. काकूंसाठी जाणार असशील तर जा." ती गेली. त्या दोघींचं काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. येताना मृणालच्या हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी होती, एवढं मला माहिती आहे.

काकू मंगळवारी नेहमीच्या बसने आल्या. मशीनवर न बसता थेट वर आल्या. "मला वकिलांची नावं दे," म्हणाल्या. मी शिकागोतली तीन नावं दिली. कोणतं चांगलं ते सांगितलं नाही, तेही मला सांगता येत नव्हतं. पुढे काय झालं ते काकूंनीच मला नंतर, सगळं मिटल्यावर सांगितलं. आणि वकील कसा निवडावा याचा यापेक्षा चांगला धडा मी तरी कुठे वाचलेला नाही.

काकूंनी तिघांनाही फोन केला आणि तिघांनाही एकच सांगितलं. "माझ्या नवऱ्याच्या नावावर घर आहे, ते विकतायत, मला समजावून घ्यायचंय." पहिल्या ठिकाणी सेक्रेटरी म्हणाली, निरोप ठेवा. दुसरा वकील स्वतः बोलला, अगदी गोड. तो म्हणाला, तुमच्या मिस्टरांना मला फोन करायला सांगा. तिसरी होती बार्बरा. ती म्हणाली, "या. येताना वाचायचा चष्मा आणा." काकूंनी फोन ठेवला, चष्मा पर्समध्ये टाकला आणि बस पकडली.

बार्बराने त्यांना करार ओळ न ओळ वाचायला लावला आणि शेवटी विचारलं, तुम्हाला काय हवंय? काकूंना उत्तर येईना. लग्नानंतर हा प्रश्न कोणी विचारला नव्हता म्हणाल्या. जेवायला काय करू, हा प्रश्न त्याच सगळ्यांना विचारत आलेल्या. घरी जाऊन त्यांनी रेवाला फोन लावला आणि आपल्याला यायचं नाही असं सांगितलं. रेवा उडालीच. "ओ माय गॉड, आई! बाबा म्हणाले तू खूप एक्सायटेड आहेस! मी तुझ्यासाठी शिलाई मशीन ऑर्डर केलंय!" मग दोघी मायलेकी फोनवर रडल्या.

आणि काका? काकांबद्दल मी आतापर्यंत जे लिहिलं त्यावरून त्यांना कोणी वाईट समजू नये. बार्बराने काकांनी आणलेल्या वकिलासमोर दोघांना एकत्र बसवलं तेव्हा काकांनी मान खाली घालून सांगितलं की गेल्या हिवाळ्यात ते मागच्या पायरीवर बर्फात घसरून पडले होते. लागलं फार नाही, पण बराच वेळ उठता येईना, आणि काकू इकडे डेव्हनला. तिथे पडल्यापडल्या त्यांच्या मनात आलं की आपण गेल्यावर ही एवढ्या मोठ्या घरात एकटी कशी राहील? काकूंना सांगितलं असतं तर त्यांनी दुकानात येणं बंद केलं असतं, म्हणून सांगितलं नाही. आपणच सगळं ठरवून टाकलं. माणूस चांगला, पण पद्धत तीच, समोरच्याला झोपवून ऑपरेशन उरकायची.

काकू चिडल्या. "अहो, मग हे मला सांगायचं होतं ना! घर विकायला माझी कुठे ना आहे? त्या जिन्याने माझेही गुडघे गेलेत. विचारलं असतंत तर मीच म्हटलं असतं, विका. पण मला डेव्हन सोडायचं नाही. रेवाच्या घरातून मला ड्रायव्हिंगशिवाय भाजीसुद्धा आणता येणार नाही. तिथे मी खिडकीतून पाऊस बघत बसू?"

मग बार्बराचा मला अधिकृत निरोप आला. काकू सही करतील. अट एकच, डेव्हनच्या बसवर त्यांच्या पसंतीचं घर मिळेपर्यंत त्या हलणार नाहीत. मी मृणाल-अनिकेतला विचारलं. त्यांच्या भाड्याच्या जागेची मुदत संपत आलेली, आणि वकिलांचे ते मोजके दिवसही वाढवून घ्यावे लागणार होते. माझं काम त्यांचं हित बघणं, म्हणून मी त्यांना स्पष्ट सांगितलं की यात तुमची गैरसोय आहे, तुम्ही नाही म्हणू शकता. अनिकेतने मृणालकडे पाहिलं. मृणाल म्हणाली, "थांबू. त्यांच्या मनाविरुद्धची किल्ली मला नको." इन्स्पेक्शन झालं, तळघराची भिंतही काकांनी दुरुस्त करून दिली. वॉशिंग मशीनच्या मागे काकूंचे टॉवेल तसेच घडी करून ठेवलेले सापडले.

उन्हाळाभर काकू जागा बघत फिरल्या. काकाही बरोबर असायचे, पण जरा मागे. माझ्याशी मात्र त्यांनी अबोला धरला होता. मंडळाच्या पिकनिकला मला बघून सरळ भेळेच्या रांगेत जाऊन उभे राहिले, आणि त्यांना भेळ चालत नाही. मला वाईट वाटलं. नाही कसं वाटणार? इतक्या वर्षांची ओळख. काही झालं तरी माझ्या अर्ध्या अशिलांना माझ्याकडे त्यांनीच पाठवलं होतं.

मग पानं गळायला लागली तेव्हा एक दिवस जिन्यावर हळू पावलं वाजली. काकू एकट्याच होत्या. डेव्हनपासून दोन स्टॉपवर, लिफ्ट असलेल्या इमारतीत त्यांनी एक छोटा फ्लॅट पसंत केला होता. समोरच बसचा थांबा. मृणाल-अनिकेतच्या खरेदीच्या सह्या तोवर झाल्या होत्या, किल्ली तेवढी काकू हलल्यावर मिळायची होती, त्यामुळे माझे हात मोकळे होते. काकू माझ्यासमोर बसल्या, पर्समधून चष्मा काढला आणि म्हणाल्या, "आता तू माझी वकील."

"बार्बरा का नाही? ती तर उत्तम आहे."

"आहेच. पण तिचं ऑफिस लांब आहे. आणि तू त्या दिवशी मला उत्तर दिलं नाहीस ना, तेव्हाच ठरवलं होतं. माझी असशील तेव्हाही तू दुसऱ्या कोणाला काही सांगणार नाहीस."

ती माझी शेवटची केस. फ्लॅट दोघांच्या नावावर घ्यायचा ठरला. आधी माझं नाव, मग यांचं, हे काकूंनी सांगितलं आणि मी तसं लिहिलं.

सह्यांच्या दिवशी आम्ही टेबलाभोवती बसलो. काका सूट घालून आले होते. माझ्याशी अजून नीट बोलत नव्हते, पण मला दार उघडून धरलं. टायटल कंपनीची मुलगी कागदांचा गठ्ठा घेऊन आली. हसतमुख, कामात चटपटीत. तिने सवयीने सगळा गठ्ठा काकांच्या पुढ्यात ठेवला आणि पेनही त्यांनाच दिलं.

काकांनी पेन हातात घेतलं. क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, त्या दिवसानंतर पहिल्यांदा नीट. आणि गठ्ठा दोन्ही हातांनी उचलून काकूंच्या समोर ठेवत त्या मुलीला इंग्रजीत म्हणाले, "आधी यांना विचारा."

काकूंनी चष्मा लावला. पहिलं पान उचललं, वाचलं, पालथं ठेवलं. दुसरं उचललं. टायटल कंपनीच्या मुलीने घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खांदे उडवले. काकू तिसऱ्या पानावर होत्या तेव्हा काकांना राहवलं नाही. जन्माची सवय. ते जरा पुढे वाकून हळूच म्हणाले, "अगं, कर की सही."

काकूंनी मानही वर केली नाही.

"थांबा हो. वाचतेय मी."

आणि आम्ही सगळे थांबलो.